धनादेशाचा पाचवा हिस्सा

भाताची कापणी उरकली, झोडणी संपली, पोती शिवली गेली आणि व्यापाऱ्याचा टेम्पो ती घेऊन नाशिक महामार्गाला लागला, म्हणजे आटगावच्या शेतकऱ्याच्या हाती पूर्वी नोटा उरत असत. आता पुष्कळदा पुढच्या तारखेचा चेक उरतो. भाताचेच कशाला, वीटभट्टीला माती पुरविणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याची, महामार्गालगतच्या औद्योगिक वसाहतीत फुटकळ कामे घेणाऱ्या कंत्राटदाराची आणि फार्महाऊससाठी चार गुंठे देऊ करून विसार स्वीकारणाऱ्या जमीनमालकाची गत याहून निराळी नाही. सरकारदरबारी ज्याला धनादेश म्हणतात आणि गावात ज्याला चेक म्हणतात, तो कागद शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत आता सातबाऱ्याइतकाच घरोघरी परिचित झाला आहे. आणि सातबाऱ्यावर जसा कुणाचा तरी बोजा चढलेला असतो, तसा या कागदावरही, तो न वटता परत आला की, एका निराळ्याच प्रकारचा बोजा चढतो. तो बोजा म्हणजे कोर्टाच्या तारखांचा.

या बोजाचे स्वरूप ज्याने सोसले नाही त्याला समजणे कठीण आहे. खात्यात पुरेशी शिल्लक नसल्याचा बँकेचा शेरा हाती पडल्यापासून तीस दिवसांच्या आत देणेकऱ्याला लेखी नोटीस द्यावयाची, ती पोचल्यावर पंधरा दिवस त्याच्या सद्बुद्धीची वाट पाहावयाची आणि तेवढ्यातही पैसे न आले तर पुढच्या एका महिन्यात दंडाधिकाऱ्यापुढे फिर्याद गुदरावयाची, असा पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ चा क्रम आहे. या सगळ्या मुदती फिर्यादीवर बंधनकारक आहेत. त्यांतली एक चुकली, तर विलंबाचे समर्थनीय कारण न्यायालयाला पटवून देण्याची जबाबदारी त्याची, आणि नोटिशीची मुदत चुकली तर तेवढीही सोय नाही. खटला मात्र फिर्याद दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत संपविण्याचा प्रयत्न व्हावा, असे त्याच कायद्याच्या कलम १४३ मध्ये जे लिहिले आहे ते केवळ एक सदिच्छा म्हणून लिहिले आहे, आणि सदिच्छेला मुदत नसते. २०१९ च्या अखेरीस देशातल्या २ कोटी ३१ लक्ष प्रलंबित फौजदारी खटल्यांपैकी ३५ लक्ष १६ हजार खटले एकट्या कलम १३८ चे होते, असा हिशेब नागपूरकर सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाच्या एप्रिल २०२१ मधील निर्णयात नमूद आहे. म्हणजे फौजदारी न्यायालयाच्या दारात उभ्या असलेल्या दर सहा-सात खटल्यांत एक खटला न वटलेल्या चेकचा.

या दुखण्यावर संसदेने २०१८ साली जो उपाय योजला तो १ सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, आणि तो कलम १४३-अ या नावाने ओळखला जातो. आरोपीने गुन्हा नाकबूल केला, की न्यायालय त्याला अंतरिम नुकसानभरपाई देण्याचा हुकूम करू शकते. ही भरपाई चेकच्या रकमेच्या वीस टक्क्यांपेक्षा, म्हणजे पाचव्या हिश्श्यापेक्षा, अधिक असता कामा नये. ती साठ दिवसांत, आणि सबळ कारण दाखविल्यास आणखी तीस दिवसांत, भरावयाची. न भरल्यास दंडाप्रमाणे वसूल व्हावयाची. आणि आरोपी अखेर निर्दोष ठरला तर फिर्यादीने ती रिझर्व्ह बँकेच्या बँकदराने व्याजासह परत करावयाची. एक लक्ष ऐंशी हजारांच्या चेकवर ही रक्कम फार तर छत्तीस हजार होते. मुंबईच्या पेढीवाल्याला छत्तीस हजारांचे कौतुक वाटणार नाही. परंतु ज्याचे सगळे भात त्या एका चेकमध्ये अडकले आहे, ज्याला पुढच्या हंगामाचे बियाणे आणि खत उधारीवर आणावे लागते, आणि दर तारखेला रोजगार बुडवून आसनगावपर्यंत गाडीने व तेथून रिक्षाने शहापूरच्या कोर्टात जावे लागते, त्याच्या दृष्टीने ती रक्कम म्हणजे खटला सोडून न देता शेवटपर्यंत लढण्याचे बळ आहे. देणेकऱ्याची सारी भिस्त फिर्यादी थकण्यावर असते. पाचवा हिस्सा हातात पडलेला फिर्यादी इतक्या लौकर थकत नाही, आणि म्हणूनच तडजोडीचे बोलणे कोर्टाच्या व्हरांड्यात पुष्कळ आधी सुरू होते.

येथपर्यंत सर्व ठीक. परंतु या कलमाचा लाभ ज्या क्षणी सुरू होतो तो क्षण नीट पाहिला पाहिजे. आरोपी न्यायालयासमोर उभा राहिला, त्याला आरोप सांगण्यात आला आणि त्याने तो नाकबूल केला, तर पुढचा विचार. आणि या खटल्यांतला खरा कालापव्यय तर तो उभा राहण्यापूर्वीच होतो. समन्स निघते, घरी कोणी आढळले नाही या शेऱ्यासह परत येते. दुसरे निघते, पत्ता बदलल्याचे कळते. मग जामीनपात्र वॉरंट, मग बिगरजामीन वॉरंट, आणि ते पोलीस ठाण्याच्या ज्या कपाटात जाते तेथे त्याच्या शेजारी त्याच्यासारखीच पुष्कळ भावंडे पडलेली असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयानंतर फिर्याद चेक काढणाऱ्याच्या बँकेच्या गावी न्यावी लागे. २०१५ च्या दुरुस्तीने ती चेक घेणाऱ्याच्या खात्याच्या शाखेच्या गावी दाखल होऊ लागली, आणि त्यामुळे शहापूरच्या शाखेत खाते असलेल्या आटगावकराला भिवंडीला किंवा मुंबईला जाण्याची पायपीट उरली नाही, हे खरे. पण आरोपीला तेथून शहापूरला आणण्याची पायपीट न्यायालयाच्या माथी आली आणि ती न्यायालयाच्या चालीनेच होते. तेव्हा जो माणूस पळतो त्याच्यापर्यंत हे कलम पोचत नाही आणि जो निमूटपणे पहिल्या समन्सला हजर होतो त्याच्यावरच ते प्रथम चालते, अशी काहीशी विपरीत व्यवस्था प्रत्यक्षात होऊन बसते.

गोव्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात सप्टेंबर २०२५ मध्ये जो निर्णय लागला, त्यात न्यायमूर्ती मनमोहन आणि न्यायमूर्ती अंजारिया यांनी या विलंबाचे मूळ ओळखून काही निर्देश दिले: समन्स फिर्यादीने स्वतःही नेऊन बजावावे, इलेक्ट्रॉनिक मार्गानेही धाडावे, आणि आरोपीला आरंभीच ऑनलाइन पैसे भरून मोकळे होता येईल अशी सोय जिल्हा न्यायालयांनी करावी. अंतरिम रकमेचा हुकूम करणे योग्य वाटेल तेथे तो शक्य तितक्या लौकर करावा, असेही त्यात म्हटले आहे. हे निर्देश कागदावर उत्तम आहेत. ते शहापूर आणि मुरबाडसारख्या तालुक्याच्या न्यायालयापर्यंत, म्हणजे जेथे एकाच दंडाधिकाऱ्यापुढे त्याच दिवशी दिवाणी दावे, पोटगी, मारामाऱ्या आणि चेक यांचा एकच ढीग असतो तेथपर्यंत, कोणत्या रूपात उतरतात यावर त्यांची किंमत ठरेल. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली महाराष्ट्रासह पाच राज्यांत निवृत्त न्यायाधीशांची विशेष न्यायालये प्रयोगादाखल सुरू करण्यास सांगितले होते, तेही मोजक्या जिल्ह्यांपुरते.

आता दुसरी बाजू. आणि माझ्या मते या विषयातली अधिक महत्त्वाची बाजू हीच आहे. आतापर्यंत मी फिर्यादी म्हणून भातवाल्या शेतकऱ्याचे चित्र डोळ्यांपुढे ठेवले. पण या दोन तालुक्यांत फिर्यादीची दुसरी एक जात आहे, आणि तिच्या कपाटात चेकची भेंडोळी असतात. लग्नासाठी, आजारपणासाठी, घरावर पत्रे टाकण्यासाठी पंधरा-वीस हजार दिले, महिन्याला शेकडा पाच किंवा दहा व्याज ठरविले आणि तारण म्हणून सही केलेले चार-पाच कोरे चेक काढून घेतले, हा व्यवहार ज्याने पाहिला नाही असा माणूस आमच्या भागात क्वचितच असेल. जनधन योजनेने ज्याला खाते मिळाले आणि सरकारी अनुदानासाठी ज्याला ते सांभाळावे लागते, त्या कातकऱ्याच्या किंवा ठाकराच्या खात्याला चेकबुक असेलच असे नाही. परंतु ज्याला नोकरी आहे, पगार आहे, समृद्धी महामार्गात जमीन जाऊन ज्याच्या खात्यात मोबदला आला आणि बघता बघता संपलाही, त्याच्याकडे चेकबुक असते, आणि सावकाराला तेवढे पुरते. पुढे केव्हातरी त्या कोऱ्या चेकवर तीन लक्षांचा आकडा पडतो, चेक परत येतो आणि सावकार कायद्याच्या भाषेत पीडित फिर्यादी होऊन न्यायालयात उभा राहतो. अशा फिर्यादीला पाचवा हिस्सा, म्हणजे साठ हजार रुपये, यांत्रिकपणे देऊ केले, तर मुद्दल वीस हजार देणाऱ्याला निकालापूर्वीच त्याच्या तिप्पट मिळेल, आणि ते देण्यासाठी आरोपी दुसऱ्या सावकाराकडे जाऊन आणखी पाच कोरे चेक देईल.

पराक्राम्य संलेखांचा मूळ कायदा १८८१ चा आहे, ही गोष्ट सर्वांना माहीत असते. त्याच्या अवघी दोन वर्षे आधी, १८७९ साली, याच मुंबई इलाख्यासाठी दुसरा एक कायदा झाला होता याची आठवण मात्र सहसा कोणी काढत नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी मारवाडी-गुजराती सावकारांच्या घरांतले रोखे आणि दस्तऐवज बाहेर काढून जाळले, तो वणवा पुणे-नगरकडच्या गावोगावी पसरला, आणि त्यानंतरच्या चौकशीतून दख्खन शेतकरी साहाय्य कायदा जन्माला आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. त्या कायद्याचे मर्म असे, की रोख्यावर आकडा काय आहे एवढे पाहून न्यायाधीशाने हुकूमनामा देऊ नये. व्यवहार मुळात केव्हा सुरू झाला, मुद्दल किती दिले, व्याज किती चढविले, मध्ये किती फेड झाली, हे सारे मुळापासून उकलून पाहावे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले होते, आणि अर्थशास्त्राचा जो माणूस आपल्या देशात आद्य मानला जातो त्याने खेड्यातल्या कर्जाचे मूळ याच खटल्यांच्या कागदांतून वर्षानुवर्षे तपासले, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो.

१८८१ चा कायदा याच्या नेमका उलट्या स्वभावाचा. व्यापारात हुंडी, वचनचिठ्ठी आणि चेक हातोहात फिरावयाचे असतील, तर दर वेळी कोणी त्यामागची कथा उकरू नये, कागदावरचे अक्षर प्रमाण मानावे, असे त्याचे तत्त्व. म्हणून कलम ११८ ने मोबदल्याचे गृहीतक घातले, आणि १९८८ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल १९८९ पासून लागू होऊन चेक न वटणे हा गुन्हा ठरला, कलम १३९ चे आणखी एक गृहीतक त्यात जोडले: चेक ज्याच्या हाती आहे त्याला तो देण्याच्या फेडीसाठीच मिळाला असे धरावे, आणि तसे नसल्यास आरोपीने ते दाखवावे. मुंबईच्या पेढ्यांना हे तत्त्व आवश्यकच होते आणि आजही आहे. परंतु चेक पेढीच्या गल्ल्यातून निघून आटगावच्या घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत जाऊन पोचला, तेव्हा त्याच्याबरोबर १८८१ चा कायदा आला आणि १८७९ चा मात्र वाटेतच कुठे तरी गळून पडला.

म्हणूनच १५ मार्च २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय मला इतका मोलाचा वाटतो. राकेश रंजन श्रीवास्तव विरुद्ध झारखंड राज्य हे ते प्रकरण. चेक दोन कोटी वीस लक्षांचा होता आणि दंडाधिकाऱ्याने दहा लक्षांची अंतरिम भरपाई देवविली होती. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांनी तो हुकूम रद्द करून प्रकरण पुनर्विचारासाठी परत धाडले, आणि कलम १४३-अ मधील ‘देऊ शकेल’ या शब्दांचा अर्थ ‘दिलीच पाहिजे’ असा होत नाही, असे निःसंदिग्धपणे सांगितले. फिर्यादीच्या आणि आरोपीच्या म्हणण्याचे प्रथमदर्शनी मूल्यमापन करावे. कलम १३९ चे गृहीतक खंडनीय आहे, तेवढ्याच आधारावर भरपाई देऊ नये. आरोपीच्या बचावात तथ्य दिसले तर ती नाकारावी. रक्कम ठरविताना व्यवहाराचे स्वरूप, उभयतांचे नाते आणि आरोपीची सांपत्तिक ओढग्रस्त ध्यानी घ्यावी. आणि हे सारे का केले याची कारणे, थोडक्यात का होईना, लिहावी. न्यायमूर्ती ओक हे ठाण्याचे. १९८३ साली ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात वडिलांच्या कार्यालयातून त्यांनी वकिलीला आरंभ केला. ज्याने जिल्ह्याच्या कोर्टात तालुक्यातून आलेली पक्षकार मंडळी जवळून पाहिली आहेत त्याला चेकमागची कथा पाहावीशी वाटणे स्वाभाविक आहे, असे मी म्हटले तर ते अनुमान माझे आहे, निकालपत्रातले नव्हे. पण १८७९ चे गळून पडलेले तत्त्व त्या निर्णयाच्या वाटेने परत आले, एवढे म्हणण्यास मला कोणाच्या अनुमतीची गरज वाटत नाही.

या निर्णयावर घेतला जाणारा आक्षेप असा, की ‘कोरा चेक होता’ ही सबब आता प्रत्येक लबाड देणेकरी पुढे करील आणि प्रथमदर्शनी मूल्यमापनाच्या नावाखाली अंतरिम भरपाई हाच एक लहानसा खटला होऊन बसेल. आक्षेप पोकळ नाही. गोव्याच्या ज्या प्रकरणाचा वर उल्लेख केला त्यातही आरोपीचे म्हणणे हेच होते, की मित्राला बँकेत दाखविण्यासाठी आपण सही केलेला कोरा चेक दिला. आणि न्यायालयाने ते अविश्वसनीय म्हणून धुडकावून लावले. कोरा चेक स्वखुशीने दिला असला तरी गृहीतक लागूच राहते, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगून ठेवले आहे. तेव्हा सबब ऐकून भरपाई नाकारा, असे कोणी म्हणत नाही. सबब तपासा, एवढेच म्हणणे आहे. ती तपासण्याला साक्षीपुरावा लागत नाही. नोटीस मिळाल्यावर आरोपीने उत्तर दिले होते काय, चेकवरची सही आणि आकडा एकाच शाईचे आणि एकाच हाताचे दिसतात काय, पैसे बँकेतून गेले की रोख, भाताची पावती किंवा मालाचे बिल आहे काय, इतक्या प्रश्नांची उत्तरे फिर्यादीच्या कागदांतच असतात. भातवाल्याकडे वजनाची चिठ्ठी असते. सावकाराकडे चिठ्ठी नसते, हाच दोघांतला पहिला भेद.

दुसऱ्या टोकाला जाऊन अतिरेक करणारी न्यायालयेही निघाली. अंतरिम भरपाई भरली नाही म्हणून आरोपीला फिर्यादीची उलटतपासणीच घेऊ न देता दोषी ठरविण्यात आले, आणि न्यायमूर्ती उदय लळित यांच्या पीठाला २०२२ मध्ये सांगावे लागले, की भरपाई दंडासारखी वसूल करण्याची वाट कायद्यात आहे, बचावाचा हक्क हिरावण्याची नाही.

औद्योगिक वसाहतीत कामे घेणाऱ्या आमच्या कंत्राटदारांना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. चेक कंपनीच्या खात्याचा असेल, तर अंतरिम भरपाईचा हुकूम कंपनीवरच होतो. तिच्या वतीने सही करणाऱ्या संचालकावर होत नाही, कारण चेक ‘काढणारा’ तो नव्हे, कंपनी होय. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हे ठरविले आणि साखरेच्या व्यवहारातून उद्भवलेल्या, केन अ‍ॅग्रो एनर्जी या कंपनीच्या चेकांसंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. शब्दार्थाच्या दृष्टीने निर्णयात खोट काढता येत नाही. परंतु ज्या कंपनीच्या नावावर शेडचे भाडेही थकले आहे, तिच्याकडून पाचवा हिस्सा मागणे म्हणजे कोरड्या विहिरीत पोहरा सोडण्यासारखे आहे, आणि तानसा-भातसाच्या काठी राहून उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या शहापूरकराला हे विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. कंपनीशी व्यवहार करताना संचालकाची वैयक्तिक हमी लिहून घ्यावी, हाच काय तो व्यवहारी इलाज.

राहता राहिला प्रश्न तालुक्याच्या दंडाधिकाऱ्याने करावयाच्या गोष्टींचा. भरपाईचा अर्ज आरोपीचा जबाब नोंदविला त्याच दिवशी, निदान पुढच्या तारखेला, निकालात निघावा. आज तो पुष्कळदा ‘म्हणणे सादर करण्यासाठी’ म्हणून तारखेवर तारीख घेत फिरतो, आणि आरोपीला जे हवे ते, म्हणजे वेळ, त्या अर्जानेच त्याला मिळते. आरोपीची ओढग्रस्त खरी असेल तर वीस टक्क्यांऐवजी पाच टक्के द्यावेत. कायद्याने कमाल ठरविली आहे, किमान नाही. आणि उसन्या पैशांचा चेक असेल, तर फिर्यादीने शपथपत्रात दोन गोष्टी लिहाव्या, पैसे कोणत्या मार्गाने दिले ते आणि सावकारीचा परवाना आहे किंवा नाही ते. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली परवान्याविना सावकारी करणे हा गुन्हा आहे, आणि फौजदारी न्यायालयाने त्याविषयी एक प्रश्न विचारला तर ते आगंतुक होणार नाही. शिवाय न्यायालयांचे कामकाज आता संगणकावर आहे. पक्षकाराचे नाव घातले की त्याचे सारे खटले पडद्यावर येतात. भरपाईच्या अर्जावर हुकूम लिहिण्यापूर्वी फिर्यादीचे नाव एकदा तेथे घालून पाहावे. भात विकणाऱ्याच्या नावापुढे एकच खटला दिसेल. दुसऱ्याच्या नावापुढे दहा-पंधरा दिसले, सगळे उसनवारीचे, सगळ्यांत रक्कम रोखीने दिलेली, आणि आरोपी एकाच पंचक्रोशीतले, तर अर्जाच्या कागदावरून नजर काढून समोर उभ्या असलेल्या आरोपीला दंडाधिकाऱ्याने विचारावे, की तुम्ही मुळात किती घेतले होते?